होडीवरचे गोडे पाणी
(किनाऱ्यावरच्या गावातील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



‘पाणी’ हा शब्द आपण पहिल्या महिन्यातच लिहायला शिकलो. सोपा शब्द. दोन अक्षरे. पण पाण्याचा हिशेब काही तेवढा सोपा नाही. आज आपण तोच हिशेब करणार आहोत.

तुम्ही सगळे दर्यावर जाणारे लोक. कुणी तांडेल आहे, कुणी खलाशी आहे. ज्या बायाबापड्या बसल्या आहेत, त्यांचे धनी नाहीतर मुलगे होडीवर जातात. दर्यावर निघताना आपण काय काय बघतो? जाळी बघतो. डिझेल बघतो. बर्फ बघतो. इंजिनाचे तेल बघतो. आणि पाणी? पाणी कुणीतरी भरलेलेच असते. कोणी भरले, किती भरले, कशात भरले, हे कोणी विचारत नाही. बरोबर आहे का नाही?

चहूकडे पाणीच पाणी, आणि प्यायला थेंब नाही, अशी पाळी माणसावर येऊ शकते. आमच्यावर आली होती. आधी तीच गोष्ट सांगतो.

आमची गोष्ट

पुष्कळ वर्षे झाली. आम्ही पाच जण होडीवर होतो. चार दिवसांचा बेत होता. होडीवर पाण्याचे एकच मोठे पिंप होते. २०० लिटरचे. पिंपाच्या बुडाशी एक तोटी होती. तांब्या खाली धरायचा, तोटी फिरवायची, की पाणी. सोय चांगली वाटायची.

दुसऱ्या रात्री जाळे ओढताना दोर त्या तोटीत अडकला. तोटी फिरली. पाणी वाहू लागले, ते थेट फळ्यांच्या खाली. होडीत पाण्याचा आवाज तर रात्रंदिवस असतोच. कुणाला कळणार? पहाटे चहा करायला एक जण उठला. त्याने तोटी फिरवली. पाण्याचा थेंब नाही. खाली पाहतो तो गोडे पाणी तळच्या घाणीत, तेलात मिसळून गेलेले.

भात रांधायला म्हणून एका कळशीत पाणी काढून ठेवले होते. तेवढेच उरले. तांडेल म्हणाले, “चला, परत फिरू.” आम्ही फिरलो. आणि दुपारी इंजिन बंद पडले. संकट एकटे येत नाही म्हणतात, ते असे.

दोन दिवस आम्ही लाटांवर हलत पडलो. तांडेलांनी कळशी आपल्याजवळ घेतली. सकाळी एक पेला, दुपारी एक पेला, रात्री एक पेला. बस. आमच्यात एक पोर होता, अठरा वर्षांचा. त्याला तहान सोसवेना. रात्री सगळे झोपल्यावर त्याने समुद्राचे पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी त्याला ओकाऱ्या लागल्या. जीभ कोरडी पडली. तो काहीबाही बरळू लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी दुसरी होडी दिसली. त्यांनी आम्हाला पाणी दिले, दोर दिला, बंदरावर आणले. पोराला दवाखान्यात सलाईन लावले. तो वाचला.

चूक कोणाची? दर्याची नाही. इंजिनाचीही नाही. चूक आमचीच. सगळे पाणी एकाच पिंपात, आणि त्या पिंपाला बुडाशी उघडी तोटी. तेव्हापासून आम्ही होडीवरच्या पाण्याचा विचार करू लागलो. जे शिकलो ते आज तुम्हाला सांगतो.

खारे पाणी का चालत नाही?

तुम्ही मासळी खारवता. माशाला मीठ लावले की काय होते? माशातले पाणी बाहेर येते. मासा सुकतो, आक्रसतो. म्हणजे मीठ पाणी ओढून घेते.

माणसाच्या पोटात तेच होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. म्हणजे मूठभर. एवढे मीठ अंगात गेले की ते बाहेर टाकावे लागते. ते काम मूत्रपिंडे करतात, लघवीवाटे करतात. पण आपली लघवी समुद्राइतकी खारट होऊ शकत नाही. म्हणून एक लिटर समुद्राच्या पाण्यातले मीठ बाहेर टाकायला एक लिटरपेक्षा जास्त पाणी लागते. ते जादा पाणी कुठून येणार? अंगातूनच जाणार. म्हणजे आपण प्यालो एक लिटर, आणि घालवले त्याहून जास्त. हा सौदा घाट्याचा आहे. खारे पाणी पिणारा माणूस न पिणाऱ्याच्या आधी कोसळतो.

आणि उकळले तर? नुसते उकळून मीठ जात नाही. पाणी आटते, मीठ उरते. उलट जास्त खारट होते.

आपल्या जुन्या लोकांना गोड्या पाण्याची किंमत माहीत होती. मालवणचा सिंधुदुर्ग तुम्ही पाहिला असेल. १६६४ साली शिवाजी महाराजांनी तो किल्ला बांधायला घेतला. चारी बाजूंना खारा समुद्र. पण किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तट कितीही मजबूत असो, आत पाणी नसेल तर किल्ला टिकत नाही. आपली होडी म्हणजे एक लहानसा किल्लाच समजा. फक्त तिच्यात विहीर खणता येत नाही. विहीर बरोबर न्यावी लागते.

किती पाणी न्यायचे?

आता वही उघडा. हिशेब करू.

उन्हात जाळे ओढणाऱ्या माणसाला दिवसाला निदान ४ लिटर पाणी प्यायला लागते. चहा, भात, कालवण यांना माणशी २ लिटर धरू. मिळून झाले ६ लिटर. कडक उन्हाळ्यात आणखी एक लिटर वाढवा.

माणसे ५. दिवस ४. माणशी रोज ६ लिटर.

५ गुणिले ४, झाले २०. २० गुणिले ६, झाले १२०. म्हणजे १२० लिटर पाणी हवे.

पण हे झाले सगळे सुरळीत चालले तर. इंजिन बिघडले, वारा फिरला, तर काय? म्हणून निम्मे पाणी वर घ्यायचे. १२० चे निम्मे ६०. एकूण १८० लिटर.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे १८० लिटर पाणी म्हणजे १८० किलो. होडीवर जवळजवळ तीन माणसे जादा बसवल्यासारखे झाले. एवढे वजन कुठे ठेवायचे, कसे बांधायचे, हा विचार करायलाच हवा.

कशात भरायचे?

एकाच पिंपात नको. हे आम्ही फार महाग शिकलो. पाणी वाटून ठेवा. आमची रीत अशी:

३५ लिटरचे ४ कॅन. झाले १४० लिटर.
रोजच्या वापराचा एक कॅन, २० लिटरचा.
संकटासाठी १० लिटरचे २ कॅन. झाले २० लिटर.

१४० अधिक २० अधिक २०. झाले १८०. एक कॅन फुटला, एकात घाण गेली, तरी बाकीचे पाणी शाबूत राहते.

कॅन घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. बाजारात जुने कॅन, जुनी पिंपे स्वस्त मिळतात. त्यांत आधी काय होते? कुणात ॲसिड असते, कुणात कीड मारायचे औषध असते, कुणात रंगाचे रसायन असते. प्लॅस्टिकमध्ये ते मुरते. दहा वेळा धुतले तरी जात नाही. वास गेला म्हणजे विष गेले असे नाही. अशा पिंपावर चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर कवटीचे चित्र असते, नाहीतर ‘विष’ असे लिहिलेले असते. काही वेळा दुकानदार ती चिठ्ठी खरवडून टाकतो. मग खुशाल समजा की चिठ्ठी खरवडली ती काहीतरी लपवायलाच.

पूर्वी तुम्हाला ती चिठ्ठी वाचता येत नव्हती. आता येते. तेव्हा वाचा. आणि चिठ्ठीच नसेल तर ते पिंप पाण्याला घेऊ नका. पाण्यासाठी नवा कॅन घ्या. खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी केलेल्या प्लॅस्टिकवर पेला आणि काटा यांचे चित्र असते. ते बघून घ्या. मोठ्या होडीवर पक्की टाकी बसवणार असाल, तर तिच्यावर आय. एस. आय. चा शिक्का आहे का तेही बघा.

कॅनमधून उजेड आरपार जाता कामा नये. पाण्याला उजेड मिळाला की शेवाळ धरते. कॅन पातळ असला तर त्यावर गोणपाट गुंडाळा. त्याने पाणी थंडही राहते.

कुठे ठेवायचे?

जड वस्तू खाली आणि मध्यावर. हा दर्याचा नियम तुम्हाला आम्ही काय सांगावा! तुम्ही तो आम्हाला शिकवाल. पण पाण्याच्या बाबतीत आपण तो विसरतो. सोयीचे म्हणून पिंप केबिनच्या डोक्यावर चढवतो. वर वजन चढले की होडी जास्त कलते आणि सरळ व्हायला वेळ घेते.

दोन कॅन डाव्या बाजूला, दोन उजव्या बाजूला. चारही तळाच्या फळ्यांवर, होडीच्या मध्याजवळ. खाली लाकडी पट्ट्या ठोका, म्हणजे कॅन सरकणार नाहीत. वरून दोराने आवळून बांधा. इंजिन आणि डिझेल यांच्यापासून दूर ठेवा. डिझेलचा वास पाण्याला फार लवकर लागतो.

आणखी एक. अर्धे भरलेले पिंप हे गच्च भरलेल्या पिंपापेक्षा वाईट. का? होडी डावीकडे कलली की आतले पाणी डावीकडे धावते. होडीला आणखी डावीकडे ढकलते. गच्च भरलेल्या पिंपात पाण्याला धावायला जागा नसते. रिकाम्यात तर पाणीच नसते. म्हणून एका वेळी एकच कॅन उघडा. तो संपला की दुसरा. पहिला डावीकडचा संपवला, तर दुसरा उजवीकडचा उघडा. तोल सारखा राहील. पक्क्या मोठ्या टाकीत आडवे पडदे बसवतात आणि पडद्यांना भोके ठेवतात. तेही याच कारणासाठी. पाणी हलते, पण धावत नाही.

पाणी हाताशी कसे आणायचे?

कॅन खाली आहेत. पाणी हवे चुलीजवळ. तांब्या बुडवून काढायचे का? मुळीच नको. हाताला मासळी, हाताला तेल. एक तांब्या बुडाला की सगळ्या कॅनचे पाणी बिघडले.

त्यासाठी एक लहान हातपंप घ्या. पायाने दाबायचा पंपही मिळतो. त्याने दोन्ही हात मोकळे राहतात. पंपाला एक नळी जोडा. नळी पिण्याच्या पाण्यासाठी केलेली हवी. बागेची किंवा डिझेलची नळी नको, तिचा वास आणि चव पाण्यात उतरते.

आता कॅनचे एक जादा झाकण घ्या. त्याला दोन भोके पाडा. एका भोकातून पंपाची नळी आत सोडा. नळीचे टोक बुडाला टेकवू नका, दोन बोटे वर ठेवा. बुडाशी गाळ बसतो. तो नळीत यायला नको. दुसरे भोक हवेसाठी.

हवेला वाट कशाला? गोड्या तेलाचा डबा फोडताना दुकानदार किती भोके पाडतो? दोन. एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा जाते. एकच भोक पाडले तर तेल डचमळत येते. पाण्याचेही तसेच. हवा आत गेली नाही तर पंप ओढतो, पण पाणी येत नाही आणि कॅन आत दबतो. हवेच्या भोकात लहान नळी बसवा. ती छत्रीच्या मुठीसारखी वाकवा, म्हणजे तोंड खाली येईल. तोंडावर बारीक जाळी बांधा. मग लाटेचे पाणी आत जात नाही, किडामुंगी जात नाही, हवा तेवढी जाते.

हे झाकण एकच पुरे. एक कॅन संपला की ते काढून दुसऱ्या कॅनला लावायचे. बाकीचे कॅन आपल्या झाकणांनी घट्ट बंद.

पंप पाणी वर चढवतो तो कुठे? तर रोजच्या कॅनमध्ये. हा २० लिटरचा कॅन चुलीजवळ कमरेइतक्या फळीवर बांधा. याला मात्र तोटी लावा. तोटीला अडसर ठेवा, म्हणजे दोर लागून ती फिरणार नाही. सकाळी तांडेलांसमोर पंप मारून हा कॅन भरायचा. पाच माणसांना दिवसाला ३० लिटर लागतात. म्हणजे सकाळी एकदा पूर्ण, आणि दुपारी अर्धा. तोटी चुकून उघडी राहिली तर जास्तीत जास्त २० लिटर जातील. सगळे जाणार नाही. आमच्या वेळी एवढी साधी युक्ती असती, तर त्या पोरावर ती वेळ आली नसती.

कोणी म्हणेल, “विजेचा पंप लावू. बटण दाबले की पाणी.” लावा, पण हातपंप काढून टाकू नका. बॅटरी उतरली की विजेचा पंप मुका. शिवाय सहज आलेले पाणी सहज सांडते. हात दुखले की माणूस जपून वापरतो.

पंप मारताना तो खोकू लागला, पाण्याबरोबर हवा येऊ लागली, तर काय समजायचे? कॅन संपत आला, नाहीतर पंपाच्या खालच्या बाजूला कुठला तरी जोड सैल झाला. जोडावर न गंजणारी पट्टी आवळून बसवा.

धुणे, भांडी, हातपाय यांना समुद्राचे पाणी वापरा. पण भांडी शेवटी पेलाभर गोड्या पाण्याने विसळा. बंदरातल्या पाण्यात भांडी धुऊ नका. तिथे तेल असते, घाण असते, मैला असतो. खाऱ्या पाण्याची बादली वेगळी, गोड्याची वेगळी. दोन्हींना वेगळे रंग द्या. अंधारातही चूक होऊ नये.

कसे भरायचे?

पाणी पुष्कळदा बायका भरून देतात. तेव्हा हे त्यांनी नीट ऐकावे.

बंदरावरच्या नळाला रबरी नळी लावलेली असते. ती दिवसभर जमिनीवर लोळते. तिच्यावरून माणसे जातात, गाड्या जातात. म्हणून आधी नळीचे तोंड धुवा. मग थोडे पाणी वाहून जाऊ द्या. त्यानंतर कॅन भरा. विहिरीचे पाणी असेल तर स्वच्छ कापडाची चौपदरी घडी करून गाळा.

गाळलेले पाणी दिसायला स्वच्छ असते. पण रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. हगवण, कॉलरा, कावीळ हे पाण्यातून येतात. गावात जुलाब लागले तर दवाखाना आहे. दर्यावर काय आहे? जुलाब लागले की अंगातले पाणी जाते, आणि प्यायचे पाणीही लवकर संपते.

म्हणून पाण्यात क्लोरीनची गोळी टाका. आरोग्य केंद्रात विचारा, औषधाच्या दुकानातही मिळते. गोळ्या निरनिराळ्या असतात. कुठली २० लिटरची असते, कुठली एकाच लिटरची. पाकिटावर लिहिलेले असते. ते वाचा. गोळी कधीपर्यंत चालते तो महिना आणि ते सालही वाचा. जुनी गोळी कामाची नाही. २० लिटरची गोळी असेल तर ३५ लिटरच्या कॅनला दोन टाका. अर्धा तास थांबा. मग पाणी प्यायला चालते.

“पाण्याला औषधाचा वास येतो,” अशी तक्रार होते. येऊ द्या. थोडा वास म्हणजे राखणदार अजून जागा आहे.

कॅनवर खडूने तीन गोष्टी लिहा. पाणी कोणत्या तारखेला भरले. किती लिटर भरले. गोळी टाकली की नाही. भरलेल्या कॅनवर ‘भरलेला’ लिहा. संपला की पुसून ‘रिकामा’ लिहा. लिहायला शिकलो ते कागदावर सही करण्यापुरते नाही. ते अशा कामासाठी आहे.

टाकी आणि कॅन कसे धुवायचे?

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात. जाळी दुरुस्त होतात, रंगरंगोटी होते. तेव्हाच पाण्याची व्यवस्था बसवा आणि धुवा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहण्याच्या आधी होडीवरचे पाणी तयार हवे.

धुण्याची रीत सांगतो. आधी ब्रशने आतून घासा. गाळ काढून टाका. मग चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर घ्या. ३५ लिटरच्या कॅनला ५ ग्रॅम, आणि २०० लिटरच्या टाकीला ३० ग्रॅम. अंदाजाने टाकू नका, तोलून घ्या. पावडर आधी तांब्याभर पाण्यात कालवा. चुना खाली बसू द्या. वरचे निवळ पाणी कॅनमध्ये ओता. मग कॅन काठोकाठ भरा. पंप मारून तेच पाणी नळीतही भरून ठेवा. नळी आतून घाण राहिली तर कॅन धुऊन काय उपयोग? रात्रभर तसेच राहू द्या. हे पाणी पिऊ नका, ते तीव्र असते. सकाळी ओतून टाका. दोनदा साध्या पाण्याने विसळा. उन्हात उपडे ठेवून वाळवा.

एक सावधगिरी. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधी एकत्र करू नका. विषारी वायू निघतो. डिझेलजवळही पावडर ठेवू नका.

पाणी कमी पडले तर?

इतके करूनही वेळ येऊ शकते. म्हणून चार गोष्टी मनात धरा.

पहिली. पाण्याचे तीन वाटे करा. एक जाताना, एक येताना, एक राखीव. पहिला वाटा संपला आणि मासळी मिळाली नाही, तर जिवावर उदार होऊन पुढे जाऊ नका. मासळी उद्याही मिळेल.

दुसरी. १० लिटरचे दोन कॅन संकटाशिवाय उघडायचे नाहीत. ते लाइफ जॅकेटजवळ ठेवा. त्यांत चार बोटे जागा रिकामी सोडा. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, त्यात हवा असली की कॅन समुद्रात छान तरंगतो. होडी सोडावी लागली तरी पाणी बरोबर येते. या कॅनचे पाणी दर फेरीला बदला.

तिसरी. पाणी कमी असेल तर सावलीत बसा. काम कमी करा. कपडे समुद्राच्या पाण्याने ओले करून अंगावर घ्या, घाम कमी जाईल. सुकी मासळी आणि खारट खाऊ नका, तहान वाढते. पाऊस आला तर ताडपत्री धरा. पहिले पाणी सोडून द्या, कारण ताडपत्रीवर मीठ बसलेले असते. नंतरचे भरून घ्या. आणि समुद्राचे पाणी पिऊ नका. एक घोटही नको. नवख्या पोराला हे किनाऱ्यावरच सांगा. तहान लागल्यावर सांगून उपयोग नसतो.

चौथी. लाज न धरता मदत मागा. वायरलेसवर सांगा. मोबाइल लागत असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे. तो होडीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

शेवटी एक हिशेब

मंडळी, आम्ही सांगितले त्यात महागाचे काही नाही. सहा-सात कॅन, एक पंप, थोडी नळी, थोड्या गोळ्या. एका फेरीच्या बर्फापेक्षा फार जास्त खर्च नाही. पण डोके शांत ठेवून, हिशेब करून ते बसवावे लागते.

आमच्या होडीवरचा तो पोर आता स्वतः तांडेल आहे. होडी सुटायच्या आधी तो इंजिनाकडे जात नाही. आधी खाली वाकतो, एकेका कॅनवर बोटाने टकटक करतो, खडूची अक्षरे वाचतो. मगच म्हणतो, “सोडा दोर.” नवे खलाशी हसतात. तो त्यांना हसू देतो.

आता घरी जाऊन एक हिशेब करा. होडीवर ७ माणसे आहेत. ३ दिवस जायचे आहे. माणशी रोज ६ लिटर पाणी लागते. वर निम्मे राखीव घ्यायचे आहे. तर एकूण किती लिटर पाणी भराल? कोणते कॅन घ्याल? डावीकडे किती ठेवाल, उजवीकडे किती? वहीत लिहून आणा. उद्या आपण सगळ्यांचे हिशेब ताडून पाहू.

ज्याचा हिशेब बरोबर, त्याची होडी सुखरूप.

राम राम.